कानातला माग

कसबा बावड्यात ऊस आहे, म्हशी आहेत, साखर कारखान्याचा भोंगा आहे, मळ्यांत उगवलेल्या नव्या अपार्टमेंट आहेत. पण कापडाचा माग म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. म्हणून क्रांतीनं भर दुपारी तांदूळ निवडता निवडता मान वर करून "आत्ती, शेजारी कुणी माग घातला ओ?" असं विचारलं, तेव्हा तिची सासू बायडाबाई तिच्याकडं बघतच राहिली.

"कसला माग?"

"कापडाचा. वाजालाय की मघाधरनं."

बायडाबाईनं पदर कानामागं सारला, गोठ्याच्या दारात उभी राहून ऐकलं. दोन म्हशी रवंथ करत होत्या, लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता. "तुझं डोस्कं वाजालंय," ती म्हणाली आणि शेणाची पाटी उचलून चालती झाली. बायडाबाईच्या जिभेला हाड कधीच नव्हतं.

क्रांती आवाजाच्या मागं उठली. अंगणात आली, तर आवाज अंगणात. मागच्या बोळात गेली, तर बोळात. मग गच्चीचा जिना चढली, आणि चढता चढता आवाज वाढत गेला, पळायला लागला. वर पोचेस्तोवर तिला एवढी धाप लागली, की कठड्याला पाठ लावून मटकन खाली बसावं लागलं. खटाक खट, खटाक खट. आडवा धागा ओढणारा धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. आणि मग मधेच एक ठोका गिळला गेला. क्षणभर काही नाही, आणि पुन्हा खटाक खट.

क्रांतीच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा माग तिला पाठ होता. आबांचा माग होता तो.

आता हे कुणाला सांगायचं? क्रांतीचं माहेर कबनूरचं, इचलकरंजीला चिकटलेलं. तिथली पोरं पाळण्यात मागाच्या आवाजात झोपतात आणि आवाज थांबला की दचकून जागी होतात. तिचे वडील केरबा, म्हणजेच आबा; त्यांचे घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडात चार माग. तीन सरळ चालीचे. कोपऱ्यातला चौथा जुना, मधूनच एक ठोका गिळणारा, आणि त्याच्यावर आबा स्वतः उभे असायचे. पण आबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांच्यामागं भावानं चारी माग भंगारात घातले होते, ते वितळून आता कुणाच्या तरी बंगल्याचं गेट झाले असतील. तो आवाज निघेल अशी जागाच पृथ्वीवर उरली नव्हती. आणि तरी तो येत होता.

क्रांती आधी लठ्ठ होती. लठ्ठ म्हणजे चांगलीच. लग्नानंतर अंग सुटलं ते सुटलंच, साखर लागली, गुडघे गेले. लोकांचं काय, त्यांना बोलायला पैसे पडत नाहीत. लग्नकार्यात बायका तिला बघून खुर्ची बदलायच्या, "ही मजबूत हाय बग" म्हणून. एकटे आबा तेवढे म्हणायचे, "माझी पोरगी भरल्या घरासारखी हाय." शेवटी तिनं पोटाचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा तेच आबा टोपी हातात धरून दवाखान्याच्या बाकावर येऊन बसले. ऑपरेशन उत्तम झालं. पोट लहान केलं, आतडं खालनं जोडलं. पोरगी शुद्धीवर आलेली बघून आबा कबनूरला परतले, कारण ऑर्डरीचं कापड मागावर होतं. दुसऱ्याच दिवशी मागाजवळच कोसळले आणि गेले.

क्रांतीला ते वॉर्डात कळलं. आणि कळल्याबरोबर खाटेभोवती सगळे गोळा झाले. "रडू नको बाई, टाक्यांवर ताण येईल." नर्स तेच, नवरा तेच, सासू तेच. मग ती रडली नाही. मातीला जाता येणार नव्हतंच. संध्याकाळी नवऱ्यानं, कृष्णातनं, मोबाईलवर दहनाचा व्हिडिओ दाखवला, तोही आवाज बंद करून. क्रांतीनं तो नुसत्या डोळ्यांनी बघितला आणि उशीवर मान वळवली. पुढं टाके सुकले, पण तोवर सगळ्यांचं रडून झालं होतं. एकटीनं कशावरनं सुरुवात करायची?

वजन मात्र झरझर उतरलं. खुर्ची बदलणाऱ्या बायका आता "काय गं, काय खातीस?" म्हणून विचारायला लागल्या. डॉक्टरांनी आयुष्यभर गोळ्या आणि दर काही महिन्यांनी रक्ताच्या सगळ्या तपासण्या सांगितल्या होत्या. घरात गोळ्या आल्या, तपासण्या मात्र आटत आटत एकीवर आल्या. "रक्त किती हाय?" एवढाच प्रश्न. पहिल्या वर्षी हिमोग्लोबिन बारा आलं आणि कृष्णातनं ते कारखान्यात चार जणांना सांगितलं. आणि गोळ्यांचं म्हणाल, तर लोखंडाची गोळी गरम पडते हे बायडाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. रोज सकाळी म्हशीखालनं काढलेलं, फेस मोडला नाही असं दूध पेल्यात, आणि त्याच्याबरोबर गोळी. बावड्यातली सासू सुनेला पाण्यासंगं गोळी देईल होय! शेजारणींनी काय म्हटलं असतं?

तर असा तो आवाज आला, आणि क्रांतीनं तो ठेवून घेतला. खरं सांगायचं तर तिला आधी भीती वाटली होती. चार दिवस ती त्या आवाजाला घाबरून टीव्ही मोठा करून बसली. पण माणूस कशालाही सरावतं. दुपारी सासू पडली की ती ओट्याला टेकून बसायची आणि हळू आवाजात बोलायची. "आबा, आज वांग्याचं भरीत केलतं. दोन घासांवर जात न्हाई." माग चालू राहायचा. ऐकतायत असं वाटायचं. एवढं कुणी तिचं कधी ऐकलं नव्हतं.

बाकी तिचं ध्यान बघवत नव्हतं. चेहरा पिठासारखा पांढरा, केस पुंजक्यांनी हातात, उन्हातसुद्धा बोटं गार. फ्रिजमधला बर्फ काढून कडाकडा खायची, दात कळ मारेपर्यंत. बायडाबाईनं मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. "कबनूरचं कायतरी हिच्या मागं लागलंया," ती लेकाला म्हणाली. कृष्णात आधी हसला. पण एक दिवस कामावरनं आला, तर बायको जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर भिंतीला धरून बसलेली, ओठ निळसर, आणि डोळे मिटून तोंडावर हसू. ते हसू बघून तो घाबरला, धाप बघून नव्हे. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिला शाहूपुरीत डॉक्टर सुहाना नदाफ यांच्याकडं घेऊन गेला. बायडाबाईही निघाली. तिला सोडून जायची कुणाची छाती होती?

डॉक्टरीणबाई वयानं क्रांतीएवढ्याच, बोलायला फटकळ. त्यांनी रक्त घ्यायला लावलं आणि रिपोर्ट आल्यावर तिघांना समोर बसवलं.

"बारा होतं की मॅडम मागल्या साली," कृष्णात म्हणाला.

"ते हिमोग्लोबिन. तुम्ही सगळे तेवढंच बघता, तिथंच फसता. तुम्ही साखर कारखान्यात ना? मग गोदामात साखर हाय का न्हाई, हे पेठेतल्या दुकानात बघून कळतंय का? दुकानात पोती दिसतात, सगळं झकास वाटतं. आत गोदाम रिकामं होत असतं." त्यांनी एका आकड्यावर पेन ठेवलं. "हे फेरिटिन. शरीरातल्या लोखंडाचं गोदाम. हे यांचं चारवर आलंय. गोदामात झाडू मारून जे निघतं तेवढं. आणि हे टीआयबीसी, म्हणजे माल न्यायला आलेल्या रिकाम्या गाड्या. माल मिळेना म्हणून शरीर गाड्यांवर गाड्या पाठवतंय, त्यामुळं हा आकडा वर चढलाय. दुकान सगळ्यात शेवटी बंद पडतं. आता तेपण पडायला आलंय. हिमोग्लोबिन साडेसात."

कृष्णातचं तोंड उतरलं. "गोळ्या तर रोज खातीया."

"लोखंड जिथं शोषलं जातं, तो आतड्याचा भाग ऑपरेशनमध्ये वाटेतनं बाजूला राहिलाय. त्यामुळं आधीच कमी आत जातं. गोळी कशाबरोबर घेता?"

"दुधाबरोबर," बायडाबाई छाती काढून म्हणाली. "घरच्या म्हशीच्या."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मावशी, दूध लोखंडाला आत शिरू देत न्हाई. गोळी आणि दूध यांच्यात चांगलं अंतर पाहिजे. चहाचंसुद्धा तेच."

"दूध वाईट?" बायडाबाईचा आवाज चढला. "कोल्हापुरात बसून?"

"दूध चांगलं. गोळी चांगली. दोघांची गाठ घालायची न्हाई."

बायडाबाईला तोंडात मारल्यासारखं झालं. मग तिनं राग काढला तो सुनेवर. "आन् हिला माग ऐकू येतोय, ते पण बघा. मेलेल्या बापाचा माग."

क्रांतीनं मान खाली घातली. आता हसतील, असं तिला वाटलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं, नाडीवर बोटं ठेवली आणि दुसऱ्या हातातलं पेन टेबलावर आपटायला लागल्या. टक टक, टक टक. क्रांतीच्या कानातला माग आणि टेबलावरचं पेन एका चालीत चालले. मग नाडीनं एक ठोका गिळला. पेन हवेत थांबलं, माग थांबला, आणि दोन्ही पुन्हा बरोबर सुरू झाले.

क्रांतीनं हात हिसडून घेतला.

"हाच ना?" डॉक्टरीणबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "रक्त कमी पडलं की काळीज दुप्पट धावतं. कानाजवळच्या शिरांतनं रक्त जोरानं जातं, ते ऐकू येतं. मधला चुकतो तो ठोकापण काळजाचाच. माझं म्हणणं, लोखंड सरळ शिरेतनं, सलाईनवाटे देऊ. रक्त भरलं की हा आवाज थांबेल."

थांबेल. बाकीचं क्रांतीनं ऐकलंच नाही. आबांना दुसऱ्यांदा घालवायचं, आणि या वेळी आपल्याच हातानं, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

"मला सुईची भीती वाटती," ती चटकन म्हणाली. "मी गोळ्याच नीट घेतो."

डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या. बऱ्याच वादावादीनंतर त्यांनी तीन आठवडे दिले. तपासणीच्या दिवशी सकाळी गोळी मात्र घ्यायची नाही, आकडा खोटा येतो, असं बजावलं.

त्या तीन आठवड्यांत क्रांतीनं जे केलं ते ऐकून तुम्हाला तिचा राग येईल. येऊ दे. बायडाबाई आता दुधाऐवजी, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं लिंबूपाणी करून द्यायची, वाद न घालता, अपमान गिळून. सून ते पाणी प्यायची आणि गोळी मोरीत सोडायची. माग दमदार चालू होता. कधी कधी तो एवढा पळायचा, की तिच्या छातीत कळ यायची, आणि ती म्हणायची, "जरा दमानं, आबा." आणि तपासणीच्या दिवशी सकाळी, सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट, तिनं तीन गोळ्या एकदम लिंबूपाण्याबरोबर गिळल्या.

रिपोर्टात लोखंडाचा आकडा चांगला आला. कृष्णातनं फोनवर तेवढाच बघितला आणि दवाखान्यात येता येता पेढे घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी मात्र त्या आकड्याकडं एकदा आणि क्रांतीकडं दोनदा बघितलं, आणि मायलेकरांना बाहेर बसायला सांगितलं.

"आज गोळ्या खाऊन आलात."

"न्हाई."

"ताई, हा सिरम आयर्नचा आकडा म्हणजे आज रस्त्यावर दिसणारा माल. सकाळी गिळलं की तासाभरात रस्ता भरतो. पण गोदाम बघा. फेरिटिन तीन. एवढं खाली आलेलं फेरिटिन खोटं बोलत न्हाई. हिमोग्लोबिन सातवर आलंय. एवढे दिवस गोळ्या पोटात गेल्याच न्हाईत. का?"

क्रांतीनं रिपोर्टाचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "माग बंद पडंल."

खोलीत पंखा फिरत होता. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या काळजावर ताण आलाय. ते असंच पळवलं तर एक दिवस तेच बंद पडेल. मग माग कुठला?"

मग मीच आबांकडं जाईन, हे क्रांतीच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. पण डॉक्टरीणबाईंना ते दिसलं असावं, कारण त्यांनी दार उघडून कृष्णातला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. कृष्णातनं घरी येऊन गाडी लावली, आणि कबनूरला आपल्या सासूला फोन लावला.

क्रांतीची आई धोंडुबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आली. बारकी, वाकलेली म्हातारी. लेकीशेजारी फरशीवरच बसली आणि तिचे गार हात आपल्या मांडीवर घेतले.

"ऐकू येतोय म्हणं?"

"व्हय. कोपऱ्यातला. त्योच, ठोका गिळणारा." क्रांतीचे डोळे चमकले. इतक्या दिवसांत ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. "आबा हायत आई. माझ्यासंगं हायत. मी गेलो न्हाई ना त्यास्नी बघायला, म्हणून तेच आलं."

आई रडेल, जवळ घेईल, असं तिला वाटलं होतं. म्हातारीनं हात सोडले.

"तुला त्यो आवाज गोड लागत असंल," ती म्हणाली. "तू अठराव्या वर्साला नांदायला आलीस. तुझ्या बापाला त्यो पन्नास वर्सं ऐकायला लागला. शेवटाला कान गेलं हुतं त्याचं, ठावं हाय? लोकांचं ऐकू यायचं न्हाई, पर माग ऐकू यायचा. लाईट गेली, माग थांबलं, तरी ह्याच्या कानात चालूच. जेवताना, देवळात, झोपंत. उशी कानावर दाबून पडायचा. लेकीला सांगू नगंस म्हणायचा, म्हणून सांगितलं न्हाई. मला म्हणायचा, धोंडे, मी मेल्यावर तरी ह्यो बंद हुईल का गं?"

म्हातारीनं लेकीचा चेहरा आपल्याकडं वळवला.

"आन् तू त्याला परत मागावर हुबा केलाईस? मेल्यावर?" म्हातारीचा आवाज फाटला. "बसू दे की गं त्याला आता. माझ्या माणसाला बसू दे."

क्रांतीच्या कानात माग चालूच होता. खटाक खट, खटाक खट. पण आता तिला मागाजवळ उभं असलेलं माणूसही दिसलं. घामानं चिकटलेला सदरा, सुजलेले पाय, आणि दोन्ही हातांनी कान झाकलेले. तिनं तेवढ्या सगळ्या दुपारी त्यांना भरीत सांगितलं होतं, सासूची गाऱ्हाणी सांगितली होती, आणि तेवढ्या सगळ्या दुपारी ते उभेच होते. तिला आपली स्वतःची लाज वाटली. थोड्या वेळानं ती भिंतीला धरून उठली आणि कृष्णातला म्हणाली, "गाडी काढा."

सलाईनच्या बाटलीतलं औषध काकवीच्या रंगाचं होतं. थेंब थेंब दंडात उतरत होतं आणि बायडाबाई खाटेशेजारी बसून प्रत्येक थेंबाकडं संशयानं बघत होती. काही दिवसांनी दुसरी बाटली झाली. लगेच काही झालं नाही. होणारही नव्हतं, आधी गोदाम भरतं, मग दुकान. क्रांती रोज दुपारी ओट्याला टेकून बसायची, पण आता बोलायची नाही. नुसती सोबत बसायची, दवाखान्यात आजारी माणसाजवळ बसतात तशी. माग हळू झाला. मग गिळलेला ठोका यायचा बंद झाला. मग भिंतीपलीकडनं, मग दोन गल्ल्या सोडून आल्यासारखा वाटायला लागला. तिचे गाल भरले, जिना ती न थांबता चढायला लागली, बर्फाची आठवणही राहिली नाही. घरात सगळे खूश होते, आणि ती रोज थोडी थोडी घाबरत होती.

पुढच्या तपासणीचा रिपोर्ट आला, त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा स्वतःहून फोन आला.

"ताई, गोदाम भरलं! हिमोग्लोबिन साडेअकरा. आणि आकडे सगळे खरे आहेत, मला कळतंय. आवाज?"

क्रांतीनं फोन कानापासनं दूर धरला. ओट्यापाशी उभी राहून ऐकलं. गोठ्यात म्हैस हंबरली. नळ ठिबकत होता. रस्त्यानं भाजीवाला ओरडत गेला. मग तेही थांबलं.

"न्हाई येत," ती म्हणाली.

"छान! आता तपासण्या चुकवू नका."

"व्हय मॅडम. छान."

तिनं फोन ओट्यावर ठेवला. खाली बसली. आणि मग तिच्या पोटातनं, टाके होते तिथनं, असा काही हंबरडा फुटला, की शेजारच्या दोन घरांतल्या बायका दारात आल्या. बायडाबाई हातातली धारेची चरवी टाकून गोठ्यातनं धावत आली. दूध सगळं अंगणात वाहिलं. "काय झालं गं? काय झालं? क्रांते!"

"आबा गेलं ओ, आत्ती," क्रांती म्हणाली. "माझं आबा गेलं."

बायडाबाईच्या जिभेला हाड नव्हतं, हे खरंच. केरबाला जाऊन दोन वर्षं व्हायला आली होती, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. पण दारातल्या बायकांना तिनं हातानंच आत बोलावलं. मग पदर डोक्यावरनं घेऊन सुनेशेजारी फरशीवर बसली, तिचं डोकं आपल्या छातीशी ओढलं, आणि नुकतीच मयत झालेल्या घरात रडतात तसं तिच्याबरोबर मोठ्यानं रडायला लागली.